माइनक्राफ्टमध्ये एकाकी बेटावर तग कसा धरायचा: पहिल्या झाडापासून नेदर पोर्टलपर्यंत

नवं जग उघडलं आणि चारी बाजूंना पाणीच पाणी. पायाखाली थोडी वाळू, थोडं गवत, एखाददुसरं ओकचं झाड. अशा वेळी बरेच खेळाडू वैतागून ते जग डिलीट करतात आणि दुसरं बनवतात. उलट काही जण मुद्दाम असंच बेट मिळावं म्हणून सीड (जग कसं बनेल ते ठरवणारा आकडा) शोधत फिरतात, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. मोठ्या जमिनीवर माइनक्राफ्ट दोन-तीन तासांत सोपं होऊन जातं. बेटावर मात्र कोणती गोष्ट आधी केली आणि कोणती नंतर, याला किंमत असते.

बेटावर सगळ्याचाच दुष्काळ असतो, हा समज चुकीचा आहे. दगड पायाखाली आहे, लोखंडही तिथेच खाली आहे, जेवण पाण्यात पोहतंय आणि तहान लागण्याची भानगड या गेममध्ये नाहीच. कायमची संपू शकते अशी वस्तू एकच, लाकूड. त्यामुळे सुरुवातीचा सगळा खेळ लाकूड वाचवण्याचा आहे. ते एकदा जमलं की समुद्र हाच तुमचा बाजार.

पुढचं सगळं १.२० आणि त्यानंतरच्या आवृत्त्या धरून लिहिलं आहे, आणि मुख्यतः जावा एडिशनसाठी. बेडरॉकवरही बहुतेक गोष्टी चालतात, पण टक्केवारी आणि काही बारकावे वेगळे असतात.

आधी फेरी मारा, मग हात लावा

पहिली दोन मिनिटं काहीही तोडू नका. बेटाला चक्कर मारून बघा: झाडं किती, माती आहे की नुसती वाळू, गवताचे तुरे आहेत का, ऊस आहे का, प्राणी कोणते. प्राणी असतील तर प्रत्येक जातीची जोडी राखायची, हे आताच ठरवून टाका. मेंढी किंवा गाय जगाचा तो भाग तयार होतानाच ठेवली जाते. नंतर नवी उगवते ती क्वचित, तीही गवताच्या ब्लॉकवर. भूक लागली म्हणून शेवटची मेंढी मारली की लोकरीचा सोपा मार्ग गेला आणि लोकरीबरोबर बेडही लांबला.

गेमची कठीणता ‘पीसफुल’वर ठेवण्याचा मोह होईल. तसं केलंत तर स्पायडर आणि स्केलेटन येत नाहीत, म्हणजे दोरा आणि हाडंही नाहीत. ‘ईझी’ चालेल. ईझीवर उपासमारीने जीव ५ हृदयांच्या खाली जात नाही, ‘नॉर्मल’वर अर्ध्या हृदयावर थांबतो, ‘हार्ड’वर मात्र भुकेने माणूस मरतो. बोनस चेस्ट (सुरुवातीलाच मिळणारी सामानाची पेटी) हा ज्याचा-त्याचा प्रश्न. मी घेत नाही, कारण त्यात फुकटचं लाकूड निघतं आणि पहिल्या तासाची सगळी गंमत जाते.

पहिल्या झाडाचा हिशेब

साध्या ओकच्या खोडात ४ ते ६ लॉग असतात. सर्वांत वाईट धरून चालू, ४ लॉग. एका लॉगच्या ४ फळ्या, म्हणजे हातात १६ फळ्या. यातल्या ४ क्राफ्टिंग टेबलला जातात. २ फळ्यांच्या ४ काठ्या करा. ३ फळ्या आणि २ काठ्या घालून लाकडी पिकॅक्स, म्हणजे दगड फोडायची कुदळ. उरल्या ७ फळ्या आणि २ काठ्या. त्या २ काठ्या ताबडतोब ३ कोबलस्टोनबरोबर (फोडलेल्या दगडाचे ब्लॉक) दगडी पिकॅक्समध्ये घाला. ७ पैकी ५ फळ्यांची बोट होते, आणि शेवटच्या २ फळ्यांच्या परत ४ काठ्या: २ दगडी कुऱ्हाडीला, १ दगडी तलवारीला, १ पहिल्या टॉर्चसाठी राखीव. संपलं झाड.

या हिशेबात लाकडी तलवार, लाकडी कुऱ्हाड, लाकडी फावडं नाही, चेस्टही नाही. चेस्टला ८ फळ्या लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धं झाड. तोवर सामान अंगावरच बाळगा. बोटही लगेच बनवायची नाही. ५ फळ्या बाजूला ठेवून द्या आणि दुसरं झाड हाताशी आल्यावरच तिला हात लावा.

पण हा हिशेब पुढे चालायचा तर रोप मिळायला हवं. ओकच्या प्रत्येक पानाच्या ब्लॉकमधून रोप पडण्याची शक्यता ५ टक्के, सफरचंदाची अर्धा टक्का. एका लहान झाडाला ढोबळमानाने ५० पानं धरली तर सरासरी दोन-तीन रोपं हाती येतात, पण १२-१३ झाडांमागे एखादं असंही निघतं की एकही रोप पडत नाही. म्हणून बेटावर एकच झाड असेल तर एकही पान वाया जाऊ देऊ नका. हाताने तोडा किंवा आपोआप गळू द्या, शक्यता तीच राहते. कात्रीने मात्र तोडू नका, कात्रीने पानच हाती येतं, रोप येत नाही.

गोची होते ती पाण्यावर आलेल्या पानांची. झाड किनाऱ्यावर असेल तर रोप पाण्यात जाऊन पडतं आणि जमिनीवर किंवा पाण्यात पडलेली कुठलीही वस्तू ५ मिनिटांत नाहीशी होते. खोड तोडण्याआधी झाडाखालच्या पाण्यात माती किंवा वाळू टाकून जागा भरून घ्या आणि पानं गळून संपेपर्यंत तिथून हलू नका. दुसरीकडे गुहेत शिरलात आणि रोप पाण्यात पडून नाहीसं झालं, तर ते गेल्याचं कळणारही नाही.

रोप लावताना किनाऱ्यापासून निदान ३ ब्लॉक आत लावा. साध्या ओकचा पसारा खोडापासून दोन्ही बाजूंना २ ब्लॉक जातो, म्हणजे पुढच्या झाडाची पानं जमिनीवरच पडतील. वर मोकळं आकाश, खाली माती किंवा गवत. वाळूत रोप लागत नाही, त्यामुळे वाळूच्या बेटावर सापडलेला मातीचा प्रत्येक ब्लॉक उचलून ठेवा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: झाडं, पिकं, ऊस, काहीही वाढतं ते तुम्ही आसपास असतानाच. रोप लावून बोटीने लांब निघून गेलात आणि परत आलात, तर ते होतं तसंच उभं असेल. पहिली रोपं वाढेपर्यंत बेटाच्या पोटातच काम काढा. कामं भरपूर आहेत.

झाड एकही नसेल, किंवा रोप मिळालंच नाही, तरी सगळं संपत नाही. बुडालेली जहाजं संपूर्ण लाकडाची असतात. तीच तुमची वखार. त्यांच्या सामानाच्या चेस्टमध्ये कधीकधी बांबू निघतो, आणि बांबू वाळूतही लागतो. १.२० पासून ९ बांबूंचा एक ब्लॉक आणि त्या ब्लॉकच्या २ फळ्या होतात, शिवाय २ बांबूंची एक काठी. क्राफ्टिंग टेबलला १८ बांबू म्हणजे महागच, पण बांबू उगवतो भराभर. तिसरा मार्ग फिरत्या व्यापाऱ्याचा. तो लामा घेऊन अचानक बेटावर उगवतो आणि बऱ्याचदा ५ एमराल्डला एक रोप विकतो. एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न बघणारे लोक बेटावर त्याची वाट बघत बसतात.

दगड, भट्टी, कोळसा

खाली खणताना सरळ उभा खड्डा न खणता जिना काढा, आणि तो बेटाच्या मध्यातून काढा. कडेने खणलंत तर कधी ना कधी भिंत फुटून समुद्र आत येतो. आला तरी घाबरायचं नाही, हातात एक दगड तयार ठेवा आणि भोक बुजवा.

८ कोबलस्टोनची भट्टी. दगडी कोळसा समुद्रसपाटीच्या खाली सापडतो, पण जितकं खोल जाल तितका कमी, आणि शून्य उंचीच्या खाली जवळपास नाहीच. दुसरं झाड वाढलं की एक-दोन लॉग भट्टीत जाळून लोणारी कोळसा करा. एक कोळसा आणि एक काठी यांचे ४ टॉर्च होतात. लोखंड वाय (उंचीचा आकडा) १६ च्या आसपास सर्वांत जास्त, त्यामुळे जिना तिथपर्यंत उतरवा आणि मग आडवे बोगदे काढा. हिरे त्याच्या पुष्कळ खाली, वाय −५९ च्या आसपास. पण −५४ आणि त्याखालच्या पोकळ्या लाव्हाने भरलेल्या असतात, तेव्हा तिकडे घाईने पळत जाऊ नका.

पहिलं लोखंड कशाला वापरायचं यावर मतभेद आहेत. माझा क्रम असा: ३ इन्गॉटची, म्हणजे लोखंडाच्या लगडींची, बादली, मग १ इन्गॉट आणि ६ फळ्यांची ढाल, मग ३ इन्गॉटची पिकॅक्स. चिलखत त्यानंतर. बादली आधी अशासाठी की लाव्हा विझवायला, उंचावरून उतरायला आणि पुढे पोर्टल बनवायलाही तीच लागते. ढाल कशासाठी, ते रात्रीच्या भागात येईलच.

पोटाचं काय

सुरुवातीला मासे. कॉड हाताने मारता येतो. कच्चा कॉड भुकेचे २ अंक भरतो, भाजलेला ५, भाजलेला सामन ६. पूर्ण पोट म्हणजे २० अंक, १० तंगड्या. आकडा १८ किंवा त्याहून जास्त असेल तरच जखम आपोआप भरते, आणि ६ किंवा त्याखाली गेला की धावता येत नाही. पाण्यात वेगाने पोहणं हेही धावण्यातच जमा, त्यामुळे रिकाम्या पोटी खोल बुडी मारू नका.

दोरा मिळाला की गळ: ३ काठ्या, २ दोरे. गळाचं महत्त्व माशांपुरतं नाही. जावामध्ये ८५ टक्के मासे, १० टक्के भंगार आणि ५ टक्के खजिना येतो. भंगारात दोरा, काठी, हाड, चामडं असतं, आणि बेटावर हे भंगारच सोनं आहे. खजिन्यात मंतरलेली पुस्तकं आणि नॉटिलस शंख. मात्र खजिना लागण्यासाठी गळाभोवती मोकळं पाणी हवं; घरात एका ब्लॉकचं डबकं करून बसलात तर मासे आणि भंगारच मिळेल.

केल्पकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. ही समुद्री वनस्पती भट्टीत वाळवली की खाता येते. एका तुकड्याने भूक जेमतेम १ अंक भरते, पण खायला इतर पदार्थांच्या निम्मा वेळ लागतो. तिचा खरा उपयोग जळणाचा. ९ वाळलेल्या केल्पचा एक ब्लॉक होतो आणि त्यावर २० वस्तू भाजून निघतात. म्हणजे २० केल्प वाळवली, त्यातली ९ पुन्हा जळणाला ठेवली, तरी ११ उरली. लाकडाचा एक तुकडाही न जाळता भट्टी कायम चालू. तोडताना मुळाशी एक ब्लॉक शिल्लक ठेवा, वरचं सगळं एका फटक्यात सुटतं आणि खालून परत वाढतं.

गव्हाचं बी गवताचे तुरे तोडून मिळतं, साधारण आठांत एक. समुद्राचं पाणी इथे खारट नाही, शेताला चालतं. अट उंचीची आहे: पाणी शेताच्याच पातळीवर किंवा एक ब्लॉक वर हवं, आणि ४ ब्लॉकच्या आत. किनाऱ्यावरची जमीन सहसा पाण्यापेक्षा एक पायरी उंच असते, आणि म्हणून पाण्याला लागून खणलेलं शेतही कोरडंच राहतं. वरचा एक थर काढून शेत पाण्याच्या पातळीला आणा, की माती गडद होते. ३ गव्हांचा एक पाव, ५ अंक. ऊस दिसला तर पाण्याच्या कडेने रांगच लावा. पुढे कागद, नकाशे आणि पुस्तकं त्याच्यावर आहेत.

रात्र

दिवस-रात्रीचं पूर्ण चक्र २० मिनिटांचं, त्यात मिट्ट रात्र ७ मिनिटांची. १.१८ पासून शत्रू मॉब (गेममधले जीव) फक्त प्रकाश पूर्ण शून्य असेल तिथेच उगवतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा निम्म्याहून कमी टॉर्चमध्ये भागतं.

लहान बेटाला आणखी एक सवलत आहे. तुमच्यापासून २४ ब्लॉकच्या आत कोणताच शत्रू उगवत नाही. बेट त्याहून लहान असेल आणि तुम्ही मधोमध उभे असाल, तर जमिनीवरून कोणी यायचंच नाही. येतात ते पाण्यातून. ड्राउन्ड म्हणजे बुडालेले झॉम्बी, आणि जावामध्ये त्यांच्यातल्या ६.२५ टक्क्यांच्या हातात त्रिशूळ असतो. चिलखत नसताना नॉर्मलवर त्याचा एक फटका जवळजवळ निम्मा जीव घेतो आणि तो लांबून फेकला जातो. ढाल त्याच्यासाठीच. पाण्याच्या बाजूला दोन ब्लॉक उंच भिंत घातलीत तर रात्री निवांत काम करता येतं.

ही २४ ब्लॉकची मर्यादा उलटी वापरूनही बघा. दोरा हवाय पण बेटावर स्पायडर येत नाहीत, तर बेटापासून २६ ते ३० ब्लॉकवर पाण्यात दगडांचं छोटं बंद खोपटं बांधा आणि रात्र त्यात काढा. तुम्ही लांब गेल्यामुळे आता बेटावर मॉब उगवतात. याहून फार लांब जाऊ नका, ३२ ब्लॉकपलीकडचे मॉब आपोआप नाहीसे होऊ लागतात. उजाडलं की झॉम्बी आणि स्केलेटन उन्हात जळतात आणि हाडं पडतात, म्हणजे बोनमीलची, हाडांच्या खताची, सोय. स्पायडर जळत नाहीत, पण लख्ख उन्हात आपणहून अंगावरही येत नाहीत; शांतपणे मारा आणि दोरा गोळा करा. जवळ येऊन फुटणारा क्रीपर मात्र उन्हाने जळत नाही, तो तिथेच उभा असतो. बेटावर पाय ठेवण्याआधी बोटीतूनच नजर फिरवा.

बेडला ३ लोकर आणि ३ फळ्या. मेंढ्या नसतील तर ४ दोऱ्यांची एक लोकर होते, म्हणजे एकूण १२ दोरे. मेल्यावर तुम्ही सहसा सुरुवातीच्या जागेजवळच परत उठता, त्यामुळे तेवढ्यासाठी बेडची घाई नाही. घाई फॅन्टम या उडणाऱ्या शत्रूंसाठी. खेळातले सलग ३ दिवस, म्हणजे खऱ्या वेळेत १ तास झोपला नाहीत, की रात्री उघड्या आकाशाखाली ते वरून झडप घालू लागतात. बेड होईपर्यंत रात्री छताखाली किंवा खाणीत राहा, मग ते फिरकत नाहीत.

आता समुद्रात

बोट पाण्यावर सेकंदाला ८ ब्लॉक जाते, धावण्यापेक्षा खूपच वेगाने, आणि वल्हवताना भूक लागत नाही. १.१९ पासून बोटीवर चेस्ट बसवता येतो. ८ फळ्या गेल्या तरी हा एक चेस्ट सार्थकी लागतो, कारण सफरीवर २७ कप्पे जास्त मिळतात.

निघण्याआधी बेटाचे कोऑर्डिनेट्स (जागेचे आकडे) कागदावर लिहून घ्या. जावामध्ये एफ-३ दाबून दिसतात, बेडरॉकमध्ये सेटिंगमध्ये चालू करावे लागतात. त्याशिवाय बेटावर दगडांचा उंच मनोरा उभारून वर टॉर्च लावा. दिशा विसरलात तर ढग बघा, ते कायम पश्चिमेकडे सरकतात. आणि पाण्यात बुडबुड्यांचा भोवरा दिसला तर त्यावर बोट नेऊ नका. तळाला मॅग्मा असतो, बोट डुगडुगायला लागते आणि जरा थांबलात तर खाली ओढली जाते.

पाण्याखाली श्वास १५ सेकंद पुरतो. अंगावर काहीच नसताना यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दरवाजा. ६ फळ्यांचे ३ दरवाजे होतात. तळावर दरवाजा लावायचा, त्याच्या चौकटीत उभं राहायचं. तिथे पाणी शिरत नाही, दम परत भरतो. दरवाजा काढून पुढे न्यायचा. जहाज लुटताना एक दरवाजा जहाजाशी ठोकून ठेवला की वर-खाली करावं लागत नाही. पाण्याखाली खोदकाम नेहमीपेक्षा ५ पट मंद होतं, आणि पाय टेकलेले नसतील तर आणखी ५ पट. तरंगत तरंगत चेस्टच्या भोवतीची फळी फोडत बसाल तर दम तिथेच संपेल. आधी खाली उतरा, पाय टेका, मग हात चालवा.

जहाज शोधायचं कसं? डॉल्फिनला कच्चा कॉड किंवा सामन खाऊ घाला. तो जवळचं जहाज, समुद्रातले भग्न अवशेष किंवा पुरलेला खजिना यांच्या दिशेने पोहायला लागतो; त्याच्या मागे जा. चुकून त्याला मारू नका, सगळा कळप अंगावर येतो.

जहाजात १ ते ३ चेस्ट असतात. सामानाच्या चेस्टमध्ये बटाटे, गाजरं, गहू. बटाटे आणि गाजरं न खाता आधी पेरा. खजिन्याच्या चेस्टमध्ये लोखंड, सोनं, लॅपिस, एमराल्ड. नकाशाच्या चेस्टमध्ये पुरलेल्या खजिन्याचा नकाशा. त्या नकाशातल्या फुलीवर पोहोचल्यावर लोक अख्खा किनारा खणून काढतात, त्याची गरज नाही. जावामध्ये हा चेस्ट चंकमधल्या (चंक म्हणजे जगाचा १६ बाय १६ ब्लॉकचा चौकोन) ठरलेल्या जागीच असतो. एफ-३ च्या माहितीत चंकमधली तुमची जागा दिसते. त्यातला पहिला आणि तिसरा आकडा दोन्ही ९ झाले की तिथेच सरळ खाली खणा. त्यात ‘हार्ट ऑफ द सी’ हमखास मिळतं.

तेवढ्याने कॉन्ड्युट (पाण्याखाली श्वास देणारा ब्लॉक) होत नाही, सोबत ८ नॉटिलस शंखही लागतात. शंख गळाला लागतात किंवा ड्राउन्डच्या हातात दिसतात; हातात शंख असलेला ड्राउन्ड जावामध्ये मेल्यावर तो हमखास टाकतो. कॉन्ड्युटभोवती प्रिझमरीनची चौकट लागते, कमीत कमी १६ ब्लॉकची. तेवढ्यावर ३२ ब्लॉकच्या परिघात पाण्याखाली श्वास घेता येतो, दिसतं आणि खोदकामही वेगाने होतं. पूर्ण ४२ ब्लॉकची चौकट असेल तर ९६ ब्लॉकपर्यंत. तोवर मधला उपाय कासवांचा. पिल्लू मोठं होताना एक स्क्यूट (कवचाचा तुकडा) पडतं, ५ स्क्यूटचं शिरस्त्राण होतं आणि ते १० सेकंदांचा जादा दम देतं. सीग्रास खाऊ घातलं की पिल्लं लवकर वाढतात.

प्रिझमरीनसाठी समुद्री मॉन्युमेंट गाठावं लागतं. तिथले ३ एल्डर गार्डियन, म्हणजे राखणदार, लांबूनच तुमचं खोदकाम ५ मिनिटांसाठी जवळजवळ बंद पाडतात. दूध प्यायलं की तो परिणाम जातो, पण थोड्या वेळात परत होतो. हिऱ्याचं चिलखत आणि मंतरलेली शस्त्रं नसताना तिकडे जाऊ नये.

नेदर

बेटावरून नेदरला, म्हणजे पोर्टलपलीकडच्या लाव्हाच्या जगात, जायला हिऱ्याची पिकॅक्स लागतेच असं नाही. खोल खाणीत लाव्हाचं तळं शोधा, मातीचा किंवा दगडाचा साचा उभारा, बादलीने त्यात लाव्हा ओता आणि लगेच शेजारी पाणी सोडा, पोर्टलचा काळा दगड ऑब्सिडियन तयार. कोपरे सोडले तर १० ब्लॉकमध्ये पोर्टल होतं. चकमकीसाठी एक लोखंडी इन्गॉट आणि एक फ्लिंट. फ्लिंट ग्रॅव्हलमधून साधारण दहांत एकदा निघतो, आणि समुद्राच्या तळाशी ग्रॅव्हलला तोटा नाही. पोर्टलच्या आसपास लाकूड ठेवू नका, लाव्हाच्या ठिणगीने ते पेटतं.

नेदरमध्ये तुम्हाला दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे क्रिमसन आणि वार्प्ड बुरशीची खोडं. त्यांच्या फळ्या क्राफ्टिंगला लाकडासारख्याच चालतात आणि आगीत जळत नाहीत. भट्टीत मात्र जळण म्हणून किंवा कोळशासाठी त्या उपयोगी नाहीत. म्हणजे लाकडाची चणचण इथेच मिटते, फक्त कोळशासाठी ओक राखून ठेवायचा. दुसरी म्हणजे अंतर. नेदरमध्ये १ ब्लॉक चाललात की वरच्या जगात ८ ब्लॉक गेलात. बेटापासून मोठी जमीन ४००० ब्लॉकवर असेल तर नेदरमध्ये ते ५०० ब्लॉक होतात. तिकडे दुसरं पोर्टल उभारताना वरचे कोऑर्डिनेट्स ८ ने भागून जागा ठरवा. उंचीचा आकडा भागायचा नाही, फक्त एक्स आणि झेड. दुसरं पोर्टल समुद्रावर उघडलं तरी गेम स्वतःच पायाखाली चार ब्लॉक टाकतो, तेव्हा बोट सोबत घेऊन जा.